बेळगाव-खानापूरकडे दाखला वेळेत मिळतो, मग गावचा रस्ता वर्षानुवर्षे का रखडतो?

कारण दाखल्याला मुदत आहे, रस्त्याला नाही. कर्नाटकात 2011 च्या 'सकाल' कायद्यानुसार, म्हणजे सरकारी सेवा ठरल्या मुदतीत देण्याच्या कायद्यानुसार, नाडकचेरीत (तालुक्याखालच्या महसूल कार्यालयात) अर्ज दिला की पंधरा अंकी नंबर मिळतो. मुदत टळली तर दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500, अर्जदाराला द्यायचे आणि तेही अधिकाऱ्याच्या पगारातून. रक्कम किरकोळ, पण अधिकाऱ्याच्या नावाला बट्टा लागतो. म्हणून काम होतं. कधी मात्र मुदत संपता संपता 'कागद अपुरे' म्हणून अर्ज परत येतो आणि कागदावर तो निकाली!

आता खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्यातल्या वाड्या बघा. पावसाळ्यात पेशंटला डोलीत घालून चिखलातून आणावं लागतं. तिथल्या रस्त्याला वनखाते, बांधकाम खाते, पंचायत, सगळ्यांची सही लागते. सही करून पुढे काही उलटलं तर चौकशी सही करणाऱ्याची. फाईल दाबून ठेवणाऱ्याला कोण विचारतं? शिवाय बदली डोक्यावर असतेच. मला हे फार लागतं, कारण माणसं बहुतेक वाईट नसतात.

तोंडी सांगत बसू नका. ग्रामसभेचा ठराव करा, पोच घ्या, मग फाईल कुणाच्या टेबलावर किती दिवस आहे ते माहिती अधिकारात विचारा. त्याचं उत्तर 30 दिवसांत द्यावंच लागतं.