बाराच नमस्कार, पण रोज

चिरंजीवीस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री पावणेबाराला आलेला तुझा निरोप मी सकाळी दोनदा वाचला. वर्षभराची फी भरून लावलेली जिम एकोणीस दिवसांत सुटली, मग कोणी सोळा तास उपाशी राहायला सांगितले, कोणी पोळी-भात बंद करायला लावला, कोणी दहा हजार पावलांचा हट्ट धरला, आणि आता नेमके काय करावे हेच कळेनासे झाले आहे, असे तू लिहिले आहेस. व्यायाम करावा की नाही हा तुझा प्रश्नच नाही, त्यामुळे त्याचे फायदे मी सांगत बसत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे: कमी कर, पण रोज कर.

दहा हजारांचा धसका आधी मनातून काढून टाक. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातच तो आकडा होता आणि तिथून तो जगभर रूढ झाला. कोणा वैद्याने अभ्यास करून घालून दिलेली ती मर्यादा नव्हे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसासाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सुचवते. दीडशेला सातने भागून पाहा, दिवसाला बावीस मिनिटेसुद्धा होत नाहीत. तेवढा वेळ मिळत नाही असे निदान मला तरी सांगू नकोस.

मी हे चिडून लिहितो आहे असे वाटेल, आणि थोडा चिडलो आहेच, कारण तुझ्या निरोपात मला माझी पंचवीस वर्षे दिसली. विशीत तालमीत गेलो तो पहिल्याच दिवशी हौसेने दोनशे बैठका मारल्या आणि पुढचे तीन दिवस कठडा धरून जिना उतरलो. परीक्षा आली, तालीम सुटली. मग पळायला लागलो, पावसाळा आला, पळणे सुटले. नोकरीत पाळ्या बदलत, मुले लहान होती, आणि दर वेळी मी स्वतःला हेच बजावत असे की, जमेल तेव्हा पूर्ण जोमाने करू, अर्धवट काही करायचे नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी साखर वाढलेली निघाली. २०२३ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे वाचले, तेव्हा त्या गर्दीत मी कधीच जाऊन बसलेलो होतो. 'अर्धवट नको' या एका शब्दाने मला जेवढे बुडवले तेवढे आळसाने बुडवले नाही.

त्या वर्षी मी बारा सूर्यनमस्कारांवर आलो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमधून नमस्कार सुरू केले. सतरंजीएवढी जागा असली की पुरते, ना फी लागते ना यंत्र. सकाळी तोंड धुतले की सहा वाजून दहा मिनिटांनी मी सतरंजी टाकतो. आज एकोणीस वर्षे झाली. जिथे तळहात टेकतात तिथला निळा पट्टा झिजून त्याचे पांढरे सूत दिसू लागले आहे.

माझी आई गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेही मी सतरंजी टाकली. सुतकात नमस्कार चालत नाहीत म्हणून मंत्र म्हटले नाहीत, नुसत्या बैठका काढल्या. घरात जमलेल्या नातेवाइकांपैकी काहींना ते फार लागले आणि त्यातले एक जण अजूनही माझ्याशी धड बोलत नाहीत. मी निर्दय नव्हतो. त्या दिवशी थांबलो असतो तर तेरावा होईपर्यंत थांबलो असतो, आणि नंतर पुन्हा कधीच उभा राहिलो नसतो, एवढे मी स्वतःला ओळखून होतो. हे तेव्हा कोणाला समजावता आले नाही, म्हणून आज तुला लिहितो आहे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांना रोजच्या ठरलेल्या वेळेला जोडून एकेक नवी सवय लावायला सांगितली. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाला त्याहून कितीतरी अधिक लागतील असे दिसले. मधला एखादा दिवस चुकल्याने काही बिघडले नाही. तू एकोणिसाव्या दिवशी हात टेकलेस! एक दिवस चुकला म्हणून तू सगळेच सोडलेस, माझा राग त्यावर आहे. ताप आला तर विश्रांती घे, पण बरी झालीस की पहिल्या दिवशी दोनच नमस्कार घाल आणि वेळ मात्र तीच ठेव.

आणि रात्रीचे पावणेबारा! त्या वेळी फोन हातात असणारी मुलगी सहाला उठणार कशी? सात तासांची झोप आधी ठरव, सकाळ तिच्या मागोमाग येते. पोळी-भात सोडू नकोस, ताटातली भाजी आणि उसळ वाढव. जेवण झाल्यावर पायऱ्या आणि गच्ची मिळून दहा मिनिटे शतपावली कर. चालताना स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतात. आपल्या आज्यांनी हा नेम विज्ञान वाचून लावला नव्हता, पण त्यांनी तो रोज पाळला.

उद्यापासून बारा जमत नसतील तर चार घाल. झाले की मला नुसता आकडा कळव. ज्या दिवशी होणार नाहीत त्या दिवशी शून्य कळव, कारण लिहू नकोस; दुसऱ्या दिवशीच्या आकड्याची मी वाट पाहीन.

तुझा,
काका