मुलगा डिपोर्ट झालाय, आता बहिणीने स्पॉन्सर केलं तर चालते का?

प्रश्न : ताई नमस्कार. माझा मुलगा 2016 ला एफ-1 व्हिसावर अमेरिकेत शिकायला गेला. वर्षभरानंतर फी भरणं जमलं नाही, कॉलेज सुटलं, तिथेच एका पेट्रोल पंपावर कामाला लागला अन् आम्हाला मात्र सांगत राहिला की सगळं मस्त सुरू आहे. पुढे पकडला गेला, कोर्टाच्या सगळ्या तारखांना हजर होता तरी जजने ऑर्डर काढली अन् चार महिन्यांनी, ऑक्टोबर 2023 मध्ये त्याला परत पाठवलं. लग्न झालेलं नाही. मोठी मुलगी डॅलसला सिटिझन आहे, ती म्हणते मी भावासाठी आय-130, म्हणजे नातेवाईकाला तिकडे बोलवायचा अर्ज, भरते. इथला एक एजंट मात्र म्हणून राहिला की कशाला थांबता, नावाच्या स्पेलिंगमध्ये थोडा बदल करू, नवीन पासपोर्ट काढू, जुनं काही दिसत नाही. आणखी एक, मुलीची डिलिव्हरी आहे, मुलाच्या भानगडीमुळे माझा व्हिजिटर व्हिसा अडकेल का?
— एक आई, मानेवाडा रोड

उत्तर : काकू, पहिले त्या एजंटची पायरी चढणं बंद करा. तुमच्या मुलाच्या बोटांचे ठसे तिकडे कॉम्प्युटरमध्ये आहेत, स्पेलिंग बदलल्याने ठसे बदलत नाहीत बाप्पा! आज त्याच्यावर जी बंदी आहे ती मुदतीची आहे, पण व्हिसासाठी खोटं बोलताना सापडला तर ती जन्मभराची होते, अन् तिची माफी मागायची तर बायको किंवा आई-वडिलांपैकी कोणीतरी तिथलं सिटिझन नाहीतर ग्रीन कार्डवालं लागते, बहीण चालत नाही. शिवाय पासपोर्टसाठी खोटी माहिती देणं हा आपल्याकडेही 1967 च्या कायद्याने गुन्हा आहे, तो वेगळाच.

आता आय-130. मुलगी खुशाल भरू शकते, भाऊ डिपोर्ट झालाय म्हणून तो अर्ज नामंजूर होत नाही. पण त्या अर्जात फक्त एवढंच तपासतात की हे दोघं खरंच सख्खे भाऊबहीण आहेत का. मंजुरीचा कागद आला की लोक संत्रा बर्फी वाटून मोकळे होतात, अन् खरा प्रश्न पुढे मुंबईच्या इंटरव्ह्यूत निघतो, की याला आत घ्यायची परवानगी आहे का.

त्यासाठी त्याचे कागद शोधा. पाठवताना हातात एक फॉर्म देतात, आय-294, त्यावर किती वर्षं परत यायचं नाही ते लिहिलेलं असते. दुसरा आय-205, त्यावर फोटो, उजव्या हाताच्या तर्जनीचा ठसा, कोणत्या तारखेला कुठून पाठवला ते सगळं. बरेच पोरं हे कागद रागाच्या भरात फेकून देतात. तुमच्याकडे नसतील तर तिकडच्या माहिती अधिकारात, म्हणजे फोयामध्ये, इमिग्रेशनची फाईल अन् इमिग्रेशन कोर्टाची फाईल अशा दोन्ही मागवा, मुलाचा ए-नंबर, म्हणजे तिकडच्या इमिग्रेशनने त्याला दिलेला फाईल नंबर, असला की काम सोपं होते.

तुम्ही लिहिलं त्यावरून त्याची बंदी 10 वर्षांची दिसते, म्हणजे ऑक्टोबर 2033 पर्यंत. विमानतळावरूनच वापस पाठवतात त्यांना सहसा 5, दुसऱ्यांदा डिपोर्ट झाला तर 20. तारखांना हजर राहिला हे त्याने फार चांगलं केलं. कारण नसताना जो कोर्टात जातच नाही त्याला आणखी एक 5 वर्षांची बंदी लागते अन् तिला माफीच नाही. लोक घाबरवतात की एवढी वर्षं बेकायदा राहिला त्याचे वेगळे 10 लागतील, पण तेही त्याला लागू नसावं. त्याच्या वेळी एफ-1 वाल्यांच्या आय-94 वर, म्हणजे तिकडे आत घेतल्याच्या नोंदीवर, शेवटची तारीख नसायची, नुसतं डी-एस, म्हणजे शिक्षण सुरू आहे तोवर, असं लिहिलेलं असायचं, त्यामुळे बेकायदा दिवसांची मोजणी साधारण जजच्या ऑर्डरनंतरच सुरू व्हायची, अन् ऑर्डरनंतर तर तो चारच महिने होता. हे मात्र फाईल पाहूनच पक्कं करा.

अन् गंमत अशी काकू, की शिक्षेपेक्षा रांग मोठी आहे. भारतातल्या भावाबहिणींच्या रांगेत 2025 साली नंबर लागून राहिले होते ते 2006 मध्ये अर्ज भरलेल्यांचे. म्हणजे मुलीने आज आय-130 भरला तर त्याचा नंबर येईपर्यंत 2033 कधीच मागे पडलेलं असेल, आय-212 म्हणजे मुदतीआधी येऊ द्या अशा परवानगीची गरजही राहणार नाही. मग ज्या बंदीत तसंही काही होणार नाही, तिच्यातून पळवाट काढायला खोटा पासपोर्ट कशासाठी? रांगेतला नंबर अर्ज भरल्या दिवसापासून धरतात, म्हणून भरायचा तर उगाच लांबवू नका.

दुसरा रस्ता तुमच्यातून जातो. सिटिझन मुलगी 21 च्या वर असली की आईला स्पॉन्सर करू शकते अन् त्याला रांगच नाही. तुम्हाला ग्रीन कार्ड मिळालं की तुम्ही अविवाहित मुलासाठी अर्ज करू शकता, ती रांग भावाबहिणींच्या रांगेपेक्षा बरीच लहान आहे. पण तुम्ही नुसत्या ग्रीन कार्डवर असताना त्याने लग्न केलं तर तो अर्ज तिथेच संपला. अन् ग्रीन कार्ड घेऊन मानेवाड्यात राहता येत नाही, तिकडेच राहावं लागते. पोराचं लग्न अडवून ठेवायचं अन् स्वतः या वयात घर सोडायचं, हे पटते का ते तुम्हीच ठरवा, मला विचाराल तर मी नाही सांगणार कोणाला. त्याचं तिथल्या एखाद्या सिटिझन पोरीशी खरंखुरं लग्न झालं तर रांग नाही, मात्र 2033 च्या आधी जायचं तर आय-212 लागेल. कागदोपत्री लग्न लावून देतो म्हणणारेही भेटतील. ते उघड झालं की पुढे कोणाचाच अर्ज त्याच्यासाठी मंजूर होत नाही, बहिणीचाही नाही.

तुमच्या व्हिजिटर व्हिसाला मुलाची बंदी लागत नाही, ती त्याची एकट्याची. मुलाबद्दल विचारलं तर सरळ सांगा. पण डीएस-160 मध्ये, म्हणजे व्हिजिटर व्हिसाच्या फॉर्ममध्ये, विचारतात की तुमच्यासाठी कोणी इमिग्रेशनचा अर्ज भरलाय का, अन् हो म्हटलं की अधिकाऱ्याला वाटते ही बाई वापस यायची नाही. म्हणून डिलिव्हरीला जाऊन यायचं की कायमचं जायचं, हे मायलेकींनी आधी बसून ठरवा.

प्रश्न : माझ्या मिस्टरांचं ग्रीन कार्ड होतं. चोरीच्या केसमध्ये शिक्षा झाली, ती सस्पेंड झाली, जेलमध्ये गेलेच नाहीत, तरी डिपोर्ट केलं. त्यांनी माझ्यासाठी अन् मुलीसाठी भरलेला आय-130 अजून चालू आहे का?
— सक्करदरा

उत्तर : नाही ताई. तो अर्ज त्यांच्या ग्रीन कार्डावर उभा होता. जजची ऑर्डर फायनल झाली की कार्ड संपते अन् त्यासोबत तो अर्ज आपोआप रद्द होतो. फाईल पुढे सरकवतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर एक रुपया देऊ नका. त्यांचा सख्खा भाऊ-बहीण तिकडे सिटिझन असेल तर त्यांच्यासाठी नवीन अर्ज होऊ शकते, त्यात तुम्ही अन् 21 च्या आतली मुलगी सोबत येता. पण अडचण शिक्षेची आहे. चोरीला एक वर्ष किंवा जास्त शिक्षा सुनावली असेल तर ती सस्पेंड झाली तरी अमेरिकन इमिग्रेशन कायद्यात तो मोठा गुन्हाच धरतात, अन् मग बंदी 10 वर्षांची नाही, कायमची, केव्हाही जायचं म्हटलं तरी आय-212 लागणार. शिक्षा एक वर्षाच्या आत असेल तर गोष्ट वेगळी होऊ शकते. म्हणून आधी त्या राज्याच्या फौजदारी कोर्टातून निकालाची सर्टिफाइड कॉपी मागवा अन् शिक्षेचा आकडा बघा. मगच तिकडच्या वकिलाला फी द्या, त्याचं नाव राज्याच्या बारच्या वेबसाईटवर आहे की नाही ते तपासून.