वाचक विचारतात: फोटो फिनिशमध्ये बूट पुढे, तरी नंबर मागे कसा?

प्रश्न: आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मुलींच्या ८०० मीटरमध्ये आमच्या मुलीला तिसरा क्रमांक मिळाला. फोटो फिनिशच्या चित्रात तिचा बूट दुसऱ्या आलेल्या मुलीच्या सरळ पुढे दिसतो. आमच्या मोबाइलवरच्या व्हिडिओतही तीच पुढे आहे. मग निकाल असा कसा?
– एक पालक, सांगली

उत्तर: बूट धरतच नाहीत. डोकं, मान, हात, पाय वगळून उरतं ते धड. ते अंतिम रेषेच्या अलीकडच्या कडेवर, म्हणजे धावपटू येतात त्या बाजूच्या कडेवर, ज्या क्षणी पोहोचतं तोच क्षण मोजायचा.

आता ते चित्र. आपण काढतो तसा तो फोटो नाही. हा कॅमेरा पूर्ण ट्रॅक पाहत नाही. रेषेवरची एक अरुंद उभी पट्टी तेवढी तो सेकंदाला शेकडो वेळा टिपतो आणि त्या पट्ट्या एकीला एक लावत जातो. म्हणून चित्रात आडवं दिसतं ते अंतर नसून वेळ असते. त्यातली प्रत्येक मुलगी रेषेवरच आहे, फक्त वेगवेगळ्या क्षणी. मागची जमीनही सगळीकडे पांढरी दिसते, कारण कॅमेऱ्याला रेषेशिवाय दुसरं काही दिसतच नाही.

बुटाची गोम इथेच आहे. पाऊल नेमकं रेषेवर टेकलं, तर ते तिथे असेपर्यंत प्रत्येक पट्टीत येत राहतं आणि चित्रात लाटलेल्या पोळीसारखं लांबतं. हवेतून झपकन गेलेलं पाऊल उलट आखूड दिसतं. त्यामुळे लांब दिसणाऱ्या बुटावरून कोण पुढे होतं, ते कळत नाही. पंच वेळ वाचायला चित्रावर जी उभी बारीक रेघ लावतात, ती धडाच्या पुढच्या कडेला कुठे लावली आहे, ते पाहा.

मोबाइलचा व्हिडिओ इथे उपयोगाचा नाही. ८०० मीटरच्या शेवटच्या झपाट्यात मुली साधारण सेकंदाला ७ मीटर धावतात. ३० फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेममध्ये त्या २३ सेंटिमीटर पुढे सरकलेल्या असतात. कोनाचा दोष तर त्याहून वाईट. समजा, तुम्ही रेषेच्या १ मीटर अलीकडे उभे आहात, जवळची मुलगी तुमच्यापासून १० मीटरवर आहे आणि दुसरी तिच्या पलीकडे दोन लेनच्या अंतरावर, म्हणजे २.४४ मीटर लांब. जवळचीचं धड रेषेवर असताना दोघी पडद्यावर बरोबरीत दिसल्या, तर लांबची प्रत्यक्षात सुमारे २४ सेंटिमीटर पुढे असते. रेषेच्या पलीकडे उभं राहून पाहिलं की चूक उलटी होते. तुमच्या मुलीच्या मेहनतीबद्दल शंका नाही, पण या व्हिडिओच्या जोरावर भांडू नका.

प्रश्न: दोघींची वेळ शंभराव्या भागापर्यंत एकच, तरी क्रमांक वेगळे दिले. ही चूक नाही का?
– एक धावपटू, नाशिक

उत्तर: नाही. क्रमांक चित्रावरून ठरतो. निकालपत्रकावरची वेळ पुढच्या शंभराव्या भागाला नेऊन लिहितात. २ मिनिटं ०८.३२१ आणि २ मिनिटं ०८.३२९ या दोन्ही वेळा २:०८.३३ अशाच छापल्या जातात. अथेन्स ऑलिंपिकमध्ये २००४ साली महिलांच्या ८०० मीटरला ब्रिटनच्या केली होम्सने १:५६.३८ वेळेत सुवर्ण घेतलं. तिच्यामागे मोरोक्कोची हस्ना बेनहासी आणि स्लोव्हेनियाची योलांडा चेप्लाक, दोघींची वेळ १:५६.४३. तरी रौप्य बेनहासीला मिळालं आणि कांस्य चेप्लाकला. आपल्या पी. टी. उषाचं १९८४ च्या ऑलिंपिकमधल्या ४०० मीटर अडथळा शर्यतीतलं कांस्य ५५.४२ विरुद्ध ५५.४१ अशा शंभराव्या भागाने गेलं, ते अजून सलतं. तिथे निदान फरक छापलेला तरी होता.

प्रश्न: हात आडवा आल्याने धड दिसतच नसेल तर?
– एक क्रीडा शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर: मग पंच खांद्यावरून, दिसणाऱ्या बाकी शरीरावरून अंदाज बांधतात आणि वाद तिथेच सुरू होतो. अमेरिकेत युजीन इथे २०१२ च्या ऑलिंपिक निवड चाचणीत महिलांच्या १०० मीटरला तिसऱ्या जागेसाठी असंच झालं. आधी जेनेबा टारमोला एक हजारांश सेकंदाने पुढे धरलं. मग चित्र पुन्हा पाहिल्यावर तिच्या हाताआड धड दडल्याचं मान्य झालं आणि तिची व अ‍ॅलिसन फेलिक्सची बरोबरी जाहीर झाली, दोघी ११.०६८. पुन्हा शर्यत ठरली. टारमोने माघार घेतली.

मध्यम पल्ल्याच्या शर्यतीत हा धोका जास्त असतो, कारण मुली लेन सोडून घोळक्याने येतात आणि बाहेरची आतलीला झाकते. म्हणून कॅमेरा उंचावर हवा, आणि जमलं तर ट्रॅकच्या आतल्या बाजूला दुसराही. ढगळ बनियनचा फुगाही फसवतो. धड म्हणजे शरीर, कापड नव्हे.

प्रश्न: तक्रार नेमकी कशी करायची?
– एक शारीरिक शिक्षण संचालक, लातूर

उत्तर: घड्याळाकडे लक्ष ठेवा. निकाल अधिकृतपणे जाहीर झाल्यापासून ३० मिनिटांत खेळाडूने किंवा तिच्या वतीने कुणीतरी रेफरीकडे (मुख्य पंचाकडे) तोंडी प्रोटेस्ट, म्हणजे हरकत, करायचा. ‘अन्याय झाला’ असं मोघम सांगू नका. ‘दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या धडांवर लावलेली रेघ पुन्हा पाहावी’ असं नेमकं मागा. शर्यत, हीट (प्राथमिक फेरी) आणि दोघींचे चेस्ट नंबर सांगा. आतल्या बाजूचा कॅमेरा असेल तर त्याचंही चित्र पाहायची विनंती करा. रेफरीचा निर्णय पटला नाही, तर पुढच्या ३० मिनिटांत ज्युरीकडे, म्हणजे अपील ऐकणाऱ्या मंडळाकडे, लेखी, सहीचं अपील अनामत रकमेसह द्यायचं. अपील फेटाळलं गेलं तर ती रक्कम जाते. पत्रकावरचा क्रमांक पुढे नोकरीच्या अर्जालाही जोडला जातो, म्हणून संकोच करू नका.

प्रश्न: आम्ही कॅमेरा भाड्याने आणतो. काय तपासावं?
– एक आयोजक, पुणे

उत्तर: कॅमेरा अंतिम रेषेच्या सरळ रेघेत हवा, तसूभरही इकडेतिकडे नाही. लेनच्या रेषा अंतिम रेषेला मिळतात तिथे काळा रंग द्या. त्या काळ्या खुणांवरून तो रेघेत आहे की नाही ते लगेच कळतं. सत्राच्या आधी शून्य चाचणी घ्या: पिस्तूल कॅमेऱ्यासमोर उडवून धुराचा किंवा ज्वाळेचा क्षण घड्याळाच्या शून्याशी जुळतो का, ते बघायचं. फरक एक हजारांश सेकंदाच्या आत हवा.

सेकंदाला १०० पट्ट्यांवर काम भागवू नका. सेकंदाला ७ मीटर धावणारी मुलगी एका पट्टीमागे ७ सेंटिमीटर पुढे जाते. १००० वर तेच ७ मिलिमीटर होतं. मात्र कॅमेऱ्याचा वेग वाढला की उजेड कमी पडतो. संध्याकाळच्या फायनलला गडद पोशाखातली मुलगी काळ्या डागासारखी येते, तेव्हा दिवे आधी लावून पाहा. कॅमेऱ्याच्या तिवईजवळ कुणाला फिरकू देऊ नका. कॅमेऱ्याच्या बाजूच्या कमरेवर हिप नंबर लावा, नाहीतर धड सापडेल, पण ते कुणाचं हे कळणार नाही.

प्रश्न: कॅमेरा नसेल तर स्टॉपवॉचच्या वेळेवरून क्रमांक बदलता येतो का?
– एक प्रशिक्षक, कोल्हापूर

उत्तर: नाही. क्रमांक अंतिम रेषेवरचे पंच देतात आणि त्यांचं एकमत झालं नाही तर रेफरी ठरवतो. हाती घेतलेली वेळ पुढच्या दशांशाला नेऊन लिहितात, आणि तेवढ्या ०.१ सेकंदात या मुली ७० सेंटिमीटर पुढे गेलेल्या असतात.