वाचकांचे प्रश्न : टांझानियानं नक्की काय दिलं?

प्रश्न : दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध भारतानं आवाज उठवला, हे आम्ही शाळेत शिकलो. पण खुद्द आफ्रिकेतल्या देशांनी काय केलं? की नुसते ठरावच झाले?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ठरावांच्या कितीतरी पलीकडचं केलं. झांबिया, मोझांबिक, अंगोला यांनी फार सोसलं. पण मी टांझानियाबद्दल सांगते. त्याची सरहद्द दक्षिण आफ्रिकेला कुठेच लागत नाही आणि घरी गरिबी होती, तरी तो मागे राहिला नाही.

९ डिसेंबर १९६१ला टांगानिका स्वतंत्र झाला (१९६४ मध्ये झांझिबार जोडलं गेलं आणि टांझानिया झाला). त्यानंतर महिना-सव्वा महिन्यात नेल्सन मंडेला गुपचूप देश सोडून दार-ए-सलामला पोचले. पासपोर्ट नव्हता. टांगानिकाचे नेते ज्युलियस न्येरेरे यांच्या सरकारनं त्यांना बाहेर जायची आणि परत यायची मुभा देणारा कागद करून दिला. पुढे मुक्तिलढ्यांना मदत करणारी आफ्रिकी देशांच्या संघटनेची मुक्ती समिती दार-ए-सलाममध्येच बसली, आणि कोंग्वा इथे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या मंडेलांच्या संघटनेच्या सशस्त्र दलाला छावणीसाठी जागा मिळाली. सगळं सुरळीत चाललं असंही नाही. १९६९ मध्ये सरकारनं ही छावणी रिकामी करायला लावली आणि तिथले लढवय्ये सोव्हिएत संघात हलवावे लागले. हे मी लपवणार नाही. पण त्यावरून त्या देशाचं मोल ठरवणंही मला पटत नाही.

मी शिक्षिका होते, म्हणून असेल, मला सर्वांत मोठी वाटते ती मझिंबूची मदत. १६ जून १९७६ला दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोत शाळकरी मुलांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर असंख्य पोरं घरदार सोडून सीमेपार पळाली. त्यांना बंदुकीआधी शाळा हवी होती. टांझानियानं मोरोगोरोजवळ मझिंबू इथला घायपाताचा जुना मळा देऊन टाकला. पडीक जागा, मोडकी घरं. तिथे वर्ग, वसतिगृहं, दवाखाना, शेती, सुतारशाळा उभी राहिली. पैसा परदेशांतूनही आला, पण बांधकामावर स्थानिक टांझानियन मजूर होते आणि विद्यार्थीही राबले. ६ एप्रिल १९७९ला प्रिटोरियात फाशी गेलेल्या, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या २२ वर्षांच्या लढवय्या सॉलोमन माहलांगूचं नाव शाळेला दिलं. ज्या मुलांना त्यांच्या सरकारनं मुद्दाम हलक्या दर्जाचं शिक्षण ठरवून दिलं होतं, ती इथे गणित आणि विज्ञान शिकली. पुढे १९८२ मध्ये दकावा इथे आणखी जमीन मिळाली.

१९९२ मध्ये मझिंबूचा सगळा परिसर इमारतींसह टांझानियाला परत केला गेला. आज तिथे सोकोईने कृषी विद्यापीठाचं आवार आहे आणि त्याला माहलांगूचंच नाव आहे.