सायलेन्सरवरचा कर गेला; नोंदणी राहावी का?

अमेरिकेत बंदुकीच्या सायलेन्सरवर १९३४ पासून असलेला दोनशे डॉलरचा संघीय कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला आहे. त्यानिमित्त वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : सायलेन्सर लावला की पिस्तुलाचा जेमतेम ‘फुस्’ असा आवाज होतो, असे चित्रपटांत दिसते. अशी वस्तू सामान्य नागरिकाला विकत मिळतेच कशी? (एक वाचक, पुणे)

चित्रपटातला तो आवाज बहुतांशी खोटा असतो. गोळी झाडली की दारूच्या ज्वलनातून तयार झालेला तप्त, प्रचंड दाबाचा वायू गोळीच्या पाठोपाठ नळीतून बाहेर उसळतो आणि त्याच्या एकाएकी फैलावण्यातून कानठळ्या बसवणारा धमाका होतो. सायलेन्सर म्हणजे नळीच्या टोकाला आट्यांवर फिरवून बसवायचे, साधारण वीतभर लांबीचे धातूचे नळकांडे. त्याच्या आत एकामागून एक पडदे असतात आणि प्रत्येक पडद्याच्या मध्यभागी गोळी जाण्यापुरते भोक असते. वायू त्या पडद्यांमधल्या कप्प्यांत घोटाळतो, थोडा निवतो आणि मग सावकाश बाहेर पडतो. मोटारसायकलच्या सायलेन्सरचे तत्त्वही हेच आहे. हायराम पर्सी मॅक्सिम यांनी १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले. त्यांचे वडील हायराम मॅक्सिम हे मशीनगनचे जनक.

रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या पुढे जातो आणि सायलेन्सर त्यातले साधारण २० ते ३५ डेसिबल कमी करतो. म्हणजे उरलेला आवाजही रस्ता फोडणाऱ्या यंत्रापेक्षा मोठाच असतो. शिवाय ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा हवेतला कडाका सायलेन्सरला रोखता येत नाही. मात्र लहान बोअरच्या आणि कमी वेगाच्या गोळीच्या बाबतीत फरक मोठा पडतो आणि भिंतीपलीकडच्या माणसाला हा बंदुकीचा बार आहे हे चटकन ओळखू येत नाही. ३१ मे २०१९ रोजी व्हर्जिनिया बीच येथील महापालिकेच्या इमारतीत एका कर्मचाऱ्याने सायलेन्सर लावलेल्या पिस्तुलाने गोळीबार केला आणि त्यात बारा जणांचा बळी गेला. तेथून बचावलेल्या एका महिलेला तो आवाज खिळे ठोकण्याच्या यंत्रासारखा वाटला होता. माझ्या मते या वादातला खरा धोका नेमका येथे आहे. आवाज नाहीसा होण्याची गरज नसते. पळायचे की नाही हे ठरवायला लागणारे काही क्षण हातचे गेले, तरी जिवावर बेतते.

अमेरिकेतील ४२ राज्यांत नागरिकाला सायलेन्सर बाळगता येतो. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, डेलावेअर, ऱ्होड आयलंड आणि हवाई या आठ राज्यांत त्याला बंदी आहे.

प्रश्न : माझे इथले सहकारी शिकारीला जातात. त्यांचे म्हणणे असे की सायलेन्सर कान वाचवण्यासाठी असतो, नॉर्वेत तो दुकानात सहज मिळतो, गुन्ह्यांत तो फारसा वापरलाही जात नाही. मग कर गेल्यावरही सरकारला कागदपत्रे कशाला हवीत? मला त्यांना नीट उत्तर देता येत नाही. (एक वाचक, ह्यूस्टन)

तुमच्या सहकाऱ्यांचे कानांविषयीचे म्हणणे खरे आहे आणि ते मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. १४० डेसिबलच्या वरचा एकच बार श्रवणशक्तीला कायमची इजा करू शकतो. शिकाऱ्याला जनावराची चाहूल घ्यायची असल्याने तो कानात बोळे घालून बसत नाही. शिकारी कुत्र्यांच्या कानांचे आणि सराव मैदानाशेजारच्या वस्तीचे हालही खोटे नाहीत. नॉर्वे आणि न्यूझीलंडमध्ये सायलेन्सर सहज मिळतो, हेही खरे.

पण नॉर्वेचा दाखला अर्धाच दिला जातो. तेथे सायलेन्सर मोकळा आहे, कारण तो ज्या रायफलीवर बसवायचा ती मोकळी नाही. ती घेण्यासाठी पोलिसांचा परवाना लागतो आणि सरकारदरबारी तिची नोंद असते. टेक्सासमध्ये एका खासगी व्यक्तीने दुसऱ्या खासगी व्यक्तीला रायफल विकली, तर कोणतीही तपासणी होत नाही आणि कोणतीही नोंद राहत नाही. ज्या देशात मूळ शस्त्रावर देखरेख आहे, तेथील सवलत देखरेख नसलेल्या देशात जशीच्या तशी मागणे मला पटत नाही.

आता कागदपत्रांविषयी. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टने सायलेन्सरला मशीनगन आणि आखूड नळीच्या रायफली यांच्या पंक्तीत बसवले. त्या काळी दोनशे डॉलर ही कित्येकांच्या आवाक्याबाहेरची रक्कम होती आणि खरेदी परवडूच नये हाच तिचा हेतू होता. पुढे ९१ वर्षांत ती एका डॉलरनेही वाढवली नाही, त्यामुळे कराचा धाक महागाईनेच संपवत आणला होता. त्यामुळे कर गेला याची हळहळ मला वाटत नाही. ज्या सामान्य शिकाऱ्याला कान वाचवायचे आहेत त्याच्यावर जादा बोजा टाकून समाज सुरक्षित होत नाही.

कायद्याचे बळ नोंदणीत आहे. खरेदीदाराला अर्ज, बोटांचे ठसे आणि छायाचित्र द्यावे लागते, एटीएफ ही बंदुकांविषयीचे कायदे राबवणारी संघीय यंत्रणा तपासणी करून मंजुरी देते आणि त्या क्रमांकाचा सायलेन्सर त्याच्या नावावर चढतो. पुढे त्याने तो शेजाऱ्याला विकायचा म्हटले तरी हीच प्रक्रिया पुन्हा होते. सायलेन्सर या कायद्यातून वगळला, तर दुकानातून घेताना साध्या बंदुकीप्रमाणे संगणकीय तपासणी होईल, पण दुकानाबाहेरचा व्यवहार अनेक राज्यांत विनातपासणी होऊ लागेल. तुमच्या सहकाऱ्यांना एवढेच विचारा: तुम्ही घेतलेला सायलेन्सर उद्या कोणाच्या हाती गेला हे कोणालाच कळू नये, अशी तुमची मागणी आहे का? बहुतेक जबाबदार शिकारी याला होकार देणार नाहीत, असे मला वाटते.

गुन्ह्यांत वापर कमी, हा त्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा. एटीएफच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने २०१७ मध्ये एका टिपणात तसे नमूद केले होते आणि बंदूक लॉबी (बंदुकांवरील निर्बंधांना विरोध करणारा दबावगट) तेव्हापासून ते टिपण पुढे करत आली आहे. पण ज्या वस्तूचा मालक नावानिशी नोंदलेला आहे, ती गुन्ह्यात कमी दिसणे स्वाभाविक आहे. त्याच नोंदवहीतल्या मशीनगनही गुन्ह्यांत क्वचितच सापडतात, म्हणून कोणी त्या मोकळ्या करा असे म्हणत नाही. नोंदणी म्हणजे अभेद्य कवच आहे, असा माझा दावा नाही. व्हर्जिनिया बीचच्या हल्लेखोराने आपली पिस्तुले कायदेशीर मार्गानेच घेतली होती. ४ डिसेंबर २०२४ रोजी न्यू यॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये युनायटेड हेल्थकेअर या आरोग्यविमा कंपनीचे प्रमुख ब्रायन थॉम्पसन यांची हत्या झाली, तीही सायलेन्सर लावलेल्या पिस्तुलाने आणि ती वस्तू बाळगण्यावरच बंदी असलेल्या राज्यात. तरीही आहे ती नोंदवही मिटवल्याने यातले काहीही सुधारणार नाही.

प्रश्न : यामागे बंदूक लॉबीचा हात किती आहे? की तो विरोधकांचा कांगावा आहे? (एक वाचक, नागपूर)

हात आहे आणि तो उघड आहे. एक जुनी गोष्ट आधी सांगितली पाहिजे. १९३४ च्या विधेयकाच्या मूळ मसुद्यात पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरही होती. नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेच्या विरोधानंतर ती वगळली गेली, सायलेन्सर मात्र राहिला. त्याच सुनावणीत त्या संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक यांनी साक्ष दिली होती की सरसकट बंदुका घेऊन फिरणे आपल्याला मान्य नाही, त्यावर कडक निर्बंध असावेत आणि ते परवान्यानेच व्हावे. आजच्या संघटनेच्या तोंडी हे वाक्य येणे अशक्य आहे.

सायलेन्सरच्या उद्योगाने २०११ मध्ये अमेरिकन सप्रेसर असोसिएशन ही स्वतंत्र संघटना काढली (सप्रेसर हे सायलेन्सरचेच दुसरे नाव). सायलेन्सरला १९३४ च्या कायद्यातून वगळू पाहणारे ‘श्रवण संरक्षण कायदा’ या नावाचे विधेयक २०१५ पासून काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, वारंवार मांडले जात आहे. १४ जून २०१७ रोजी या तरतुदी असलेल्या विधेयकावर सुनावणी होती; त्याच सकाळी व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथे बेसबॉलचा सराव करणाऱ्या रिपब्लिकन खासदारांवर गोळीबार झाला, स्टीव्ह स्कलीज गंभीर जखमी झाले आणि सुनावणी रद्द झाली. ऑक्टोबरमध्ये लास व्हेगास येथे गोळीबाराचे हत्याकांड घडले आणि विधेयक बाजूला पडले. तेथे सायलेन्सर वापरला गेला नव्हता, हे लक्षात ठेवावे. ती घटना या वादात पुरावा म्हणून वापरणे चूक आहे.

समोरच्या दाराने न जमलेले काम मग बाजूच्या दाराने झाले. खासगी परदेशी ग्राहकांना सायलेन्सर निर्यात करण्यावर २००२ पासून असलेली बंदी परराष्ट्र खात्याने जुलै २०२० मध्ये उठवली. त्या सुमारास व्हाइट हाउसमध्ये काम करणारा एक वकील पूर्वी याच सप्रेसर असोसिएशनचा वकील होता. २०२५ मध्ये सायलेन्सरला जुन्या कायद्यातून वगळण्याचे कलम थेट अर्थसंकल्पीय विधेयकात घातले गेले आणि प्रतिनिधीगृहाने ते मंजूरही केले. सिनेटच्या नियमतज्ज्ञ एलिझाबेथ मॅकडोनो यांनी मात्र हे कलम अर्थसंकल्पीय प्रक्रियेत बसत नाही, असा निर्णय दिला. त्यामुळे ४ जुलैला सही झालेल्या कायद्यात फक्त कर शून्य झाला आणि नोंदणी वाचली.

लढाई तेथे थांबलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९३७ मध्ये १९३४ चा कायदा वैध ठरवला, तो काँग्रेसच्या कर लावण्याच्या अधिकाराच्या आधारे. आता करच उरला नाही, तर त्यासाठीची नोंदणी कशाच्या आधारावर, असा दावा गन ओनर्स ऑफ अमेरिका आणि अन्य संघटनांनी न्यायालयात केला आहे. विधिमंडळात मिळाले नाही ते न्यायालयातून मिळवण्याचा हा प्रयत्न आहे. तो कायदेशीर आहे, हे मान्य. पण मतदारांसमोर उघड मत न मागता नोंदवही रद्द करून घेणे मला अयोग्य वाटते.

प्रश्न : मुलगा एच-१बी व्हिसावर डॅलसला असतो. मित्रांबरोबर बंदुकीच्या सरावाला जाऊ का, असे तो विचारतो. भारतात सायलेन्सरला परवानगी आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

भारतात शस्त्र नियम २०१६ च्या अनुसूचीत बारचा आवाज किंवा चमक कमी करणारी उपसाधने प्रतिबंधित शस्त्रांच्याच पहिल्या वर्गात आहेत. सर्वसामान्य परवानाधारकाला ती मिळत नाहीत. मुलाच्या बाबतीत अधिक सावध राहा. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस बाळगण्यास अमेरिकेच्या संघीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणे हा त्यातला मुख्य अपवाद आहे. मित्राची बंदूक थोडा वेळ हातात धरली, हा बचाव भरवशाचा नाही आणि गुन्हा नोंदला गेला तर व्हिसाही धोक्यात येतो. संघीय कायद्यात सायलेन्सर हाही बंदूकच मानला जातो, त्यामुळे मित्राने तो सांभाळायला दिला तरी घेऊ नये. जायचेच असेल, तर आधी शिकार परवाना काढावा आणि तेथील वकिलाचा सल्ला घ्यावा.