उंची सहा फूट दोन इंच, पहिली बाईक आणि बाबांची एफडी

ठाण्यातल्या कासारवडवलीच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय २६, ऐरोलीतल्या कंपनीत नोकरी, हातात येणारा पगार ४६,००० रुपये. आईवडिलांसोबत राहतात, घरात १५,००० देतात, स्वतःचा खर्च ९,००० च्या आसपास आणि ६,००० ची एसआयपी. बचत खात्यात १,९०,००० आहेत. उंची सहा फूट दोन इंच. गिअरची गाडी अजून धड चालवलेली नाही, लर्निंग लायसन्स गेल्याच महिन्यात निघालं.

त्यांच्यापुढे तीन गाड्या आहेत. "लहान बाईकवर तू सर्कशीतल्या अस्वलासारखा दिसशील" असं मित्र म्हणाले, म्हणून पहिली रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५०. ऑनरोड, म्हणजे कर, नोंदणी, विमा सगळं धरून, ३,७५,०००, त्यातले ७५,००० रोख आणि ३ लाखांचं कर्ज. शोरूमने लिहून दिलंय: ४८ महिने, साडेनऊ टक्के, हप्ता ८,६२५. दुसरी, घणसोलीच्या सहकाऱ्याची तीन वर्षं वापरलेली हिरोची एक्सपल्स २०० फोर-व्ही, १९,००० किलोमीटर झालेली, ९५,००० ला. तिसरी बाबांच्या पसंतीची, होंडाची नवीकोरी शाइन १२५, ऑनरोड १,०५,०००. कर्ज नकोच, माझी एफडी मोडू, असंही बाबा म्हणालेत. ते दोन वर्षांत निवृत्त होणार आहेत. वाचकाचा प्रश्न एवढाच: कर्ज काढू की एफडी मोडू?

माझं उत्तर: दोन्ही नको. पण उंचीची तुमची अडचण खरी आहे, त्यामुळे "लहान गाडी घे आणि गप्प बस" असंही मी सांगणार नाही.

आधी तो हप्ता. तुमचा आकडा वाचून मी कॅल्क्युलेटर काढला, कारण तो जुळेना. ३ लाख, ४८ महिने, साडेनऊ टक्के म्हणजे हप्ता साधारण ७,५४० यायला हवा. ८,६२५ येतो तो फ्लॅट रेट धरला तर. फ्लॅट म्हणजे तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत राहाल, पण व्याज चारही वर्षं पूर्ण ३ लाखांवरच लागत राहील. घटत्या शिल्लकीवर, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर, मोजलं तर हा दर जवळपास १७ टक्के पडतो. चार वर्षांत १,१४,००० रुपये नुसतं व्याज. तेवढ्यात बाबांची शाइन नवी येते. अजून एक हिशेब मांडून पाहिला. दोन वर्षं एकही हप्ता न चुकवता २,०७,००० भरून झाले, तरी तुमच्या डोक्यावर पावणेदोन लाख बाकी असतील. आणि विम्याच्या घसारा तक्त्यात तीन वर्षांत गाडीची किंमत ३० टक्क्यांनी खाली येते. गाडी विकावीशी वाटली तरी आलेल्या पैशातला मोठा भाग कर्ज फेडण्यातच जाईल.

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असं कर्ज देणाऱ्याने 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर छापलेला असतो. तो कागद हातात येईपर्यंत सही करू नका, मग कर्ज बाईकचं असो की फ्रीजचं.

एफडीचं गणित वरवर बरं दिसतं. १७ टक्क्यांच्या कर्जापेक्षा ६-७ टक्क्यांची ठेव मोडणं आकड्यात स्वस्तच. पण निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाची ठेव हा त्याचा रात्रीच्या झोपेचा भाग असतो. मुदतीआधी मोडली की बँक व्याज कापते ते वेगळंच. बाबा देतो म्हणाले ते प्रेमाने म्हणाले. तेवढ्याच प्रेमाने तुम्ही नको म्हणा.

आता उंची. माझा भाऊ सहा फूट एक इंच आहे. त्याची पहिली गाडी १०० सीसीची होती, घरच्यांनी मायलेज बघून घेतलेली. वळताना हँडल गुडघ्याला अडायचं, मग तो गुडघा बाहेर काढून वळायचा. मुंब्रा बायपासच्या वळणावर मागे बसून मी ते पाहिलंय आणि घाबरलेय. वर्षाच्या आत ती तोट्यात विकली. म्हणजे न बसणारी स्वस्त गाडीही महागच पडली.

पण इथेच लोक चुकतात. उंच माणसाला मोठं इंजिन लागत नाही, पायाला जागा लागते. सीटची जमिनीपासूनची उंची सगळे विचारतात, ती तुमच्यासाठी दुय्यम आहे. तुमचे पाय कुठल्याही सीटवरून टेकतील. बघायचं ते सीट आणि फूटपेग, म्हणजे पाय ठेवायची दांडी, यांमधलं अंतर, गुडघा किती दुमडतो ते. हे लिहायच्या आधी नौपाड्यात आमच्या पार्किंगमध्ये भावाला त्याच्या आताच्या गाडीवर बसवलं आणि इंची टेप लावली. सीटपासून पेगपर्यंत साडेएकोणीस इंच भरलं. शेजारच्यांच्या १०० सीसीवर दोन इंचांनी कमी. फक्त दोन इंच, पण त्या गाडीवर त्याचा गुडघा थेट हँडलच्या रेषेत येत होता.

आता तुमच्या गाड्या शेजारी ठेवून बघा. हिमालयन ४५० ची सीट खालच्या जागी लावली तर ८२५ मिलिमीटर. एक्सपल्स २०० फोर-व्हीची सीटही ८२५ मिलिमीटर. शाइनची ७९१. पायाची जागा बसून बघालच, पण अस्वलासारखं दिसायची भीती ज्यासाठी होती, ती उंची तुम्हाला एका लाखाच्या आतही मिळतेय. फरक आहे तो वजनाचा. हिमालयन १९६ किलो, एक्सपल्स साधारण १६०, शाइन ११४ च्या आसपास. नवशिक्याची गाडी पडते ती वेगात नाही, उभ्या उभ्या. सोसायटीच्या उतारावर वळवताना, पेट्रोल पंपाच्या रांगेत, स्टँड लावायचा राहून गेल्यावर. पहिल्या वर्षात एकदा तरी पडणारच हे धरून चला. तेव्हा १९६ किलो एकट्याने उचलणं आणि त्यानंतर ४५० सीसीच्या गाडीचे लिव्हर, इंडिकेटर, टाकीचा पत्रा बदलणं, दोन्ही जड.

तुमचा रोजचा रस्ता मला पाठ आहे. वाघबीळ, पातलीपाडा, मानपाडा, कापूरबावडी, मग कळवा आणि विटावा करत ठाणे-बेलापूर रोड. पावसात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरतं आणि घोडबंदरच्या खड्ड्यांबद्दल मी कासारवडवलीच्या माणसाला काय सांगावं. या रस्त्यावर एक्सपल्सचं २१ इंची पुढचं चाक आणि लांब सस्पेन्शन खरंच कामाला येतं. ४५० सीसीची ताकद मात्र मानपाड्याच्या सिग्नलला कुणाच्याही उपयोगाची नाही. मोठी गाडी घेऊन ती मोकळी सोडायची तर तेही बघा: मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि अटल सेतू, दोन्हीवर दुचाकीला बंदी आहे.

चालवण्याचा खर्च पटकन सांगते. रोजचे ४० किलोमीटर, महिन्याचे २२ दिवस, पेट्रोल १०४ रुपये धरलं तर शाइनला महिना १,७००, एक्सपल्सला २,४००, हिमालयनला ३,३०० च्या आसपास. थर्ड पार्टी विम्याचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणाऱ्या विम्याचा, दर सीसीवर ठरतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे ७५ ते १५० सीसीला वर्षाला ७१४, ३५० पर्यंत १,३६६ आणि त्यापुढे २,८०४. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो, ३५० च्या वर तो १५,११७, वर जीएसटी वेगळा. जीएसटीचंही तेच: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत १८ टक्के, त्याच्या वर ४०. म्हणजे सरकारही तुम्हाला ३५० च्या अलीकडे थांबायला सांगतंय असं समजा.

बाबांचा आक्षेप मला कळतो. सेकंड हँड म्हणजे दुसऱ्याची कटकट विकत घेणं, असं तुम्ही त्यांचं वाक्य लिहिलंय. ते अर्धं बरोबर आहे. म्हणून ही गाडी दिवसाउजेडी, तुमच्या ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन बघा. इंजिन गार असतानाच पहिली किक किंवा सेल्फ मारायला सांगा. १९,००० किलोमीटरला चेन-स्प्रॉकेट आणि टायर संपत आलेले असू शकतात, तसं असेल तर तो खर्च किमतीतून वळता करून घ्या. चाकं स्पोकची आहेत, म्हणजे टायर ट्यूबचे. पंक्चरला जरा जास्त वेळ जाईल हे गृहीत धरा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी आधी, पैसे नंतर. ई-चलान थकलेत का ते गाडीच्या नंबरवर तपासा. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या आणि नावावर करायला टाळाटाळ करू नका. नंबर एमएच-४३ चाच राहील, त्याची काळजी नको. गाडी तीन वर्षांची आहे, म्हणजे पाच वर्षांच्या थर्ड पार्टी विम्याची दोनेक वर्षं शिल्लक असतील. तो १४ दिवसांत तुमच्या नावे करायला अर्ज द्या आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा बघून घ्या. सहकाऱ्याचा नो-क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सवलत, तुम्हाला मिळणार नाही, तो त्याच्यासोबत जातो. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा आहे. तुमच्याकडे तेवढा आधीच नसेल तर आनंदाने घ्या, सगळ्यात स्वस्तात मिळणारं संरक्षण आहे ते.

पैशाची मांडणी अशी करा. गाडी ९५,०००, नाव बदलणं, विमा आणि किरकोळ दुरुस्ती मिळून १२,०००, आणि १३,००० हेल्मेट, हातमोजे, जॅकेट आणि घोटा झाकणाऱ्या बुटांचे. या १३,००० मधला रुपयाही कमी करू नका. एकूण १,२०,०००. खात्यात ७०,००० उरतात, म्हणजे तुमच्या जवळपास तीन महिन्यांच्या खर्चाची सोय. एसआयपीला हात लागत नाही. हप्त्यासाठी ८,६२५ द्यायची तुमची तयारी होतीच, त्यातले ६,००० आरडीला लावा. दोन वर्षांत मुद्दलच १,४४,००० होईल. तेव्हाही हिमालयनच हवीशी वाटली तर एक्सपल्स विकून आणि ही रक्कम घालून जा; उरलेल्यासाठी कर्ज लागलंच तर ते लहान असेल, आणि तोवर तुम्ही दोन पावसाळे चालवलेले असाल.

एक्सपल्स मेकॅनिकला पसंत पडली नाही तर शाइन घ्यायला हरकत नाही. सीटवाल्याकडून इंचभर जादा फोम भरून घ्या, गुडघ्याला तेवढीच जागा वाढते. पण आधी बसून बघा, नुसतं स्टँडवर नाही. ऑफिसचे बूट घालून, पाय पेगवर ठेवून हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवा. गुडघ्याला लागलं तर सोडून द्या, बाबांची कितीही पसंती असो.

शनिवारी घणसोलीला जाल तेव्हा बाबांना सोबत न्या. एफडी नको हे तिथेच, गाडीपाशी उभं राहून सांगा, म्हणजे त्यांना ती मोडायची गरज का नाही हे समोर दिसेल. आणि शोरूमच्या माणसाचा परत फोन आला तर त्याला हप्ता विचारू नका. व्याज घटत्या शिल्लकीवर आहे का, ते लिहून मागा.