‘दाबविद्युत’, ‘कंप्रता’ आणि मानपत्रातील एक वाक्य

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या महाविद्यालयातील एका निवृत्त प्राध्यापकांचा सत्कार माजी विद्यार्थी शाहू स्मारक भवनात करणार आहेत. प्राध्यापकांनी क्वॉर्ट्झ या खनिजाच्या चकत्या आणि त्यांच्या आधारे चालणारे विद्युत दोलक (ठराविक गतीने विद्युत कंपने निर्माण करणारे परिपथ) यांच्या अभ्यासात बराच काळ घालविला. मानपत्राच्या मसुद्यात पुढील वाक्य आहे : “दाबविद्युतीय सामग्री आणि आवृत्ती नियंत्रण प्रौद्योगिकी या क्षेत्रांमधील आपल्या यशांना सन्मानित करताना आम्हांस अत्यानंद होत आहे.” मंडळातील एका सदस्याला यातील ‘आवृत्ती’ खटकते, तर दुसऱ्याच्या मते ‘पिएझोइलेक्ट्रिक’, ‘फ्रिक्वेन्सी कंट्रोल’ हे मूळ इंग्रजी शब्दच देवनागरीत ठेवावेत. योग्य काय?

वाक्याच्या शेवटाकडून सुरुवात करतो, कारण खरी अडचण पारिभाषिक शब्दांच्या आधी तेथेच आहे. ‘यश’ हा शब्द मराठीत बहुधा एकवचनीच वावरतो. यश येते, मिळते, लाभते, परंतु त्याची मोजदाद करून ‘यशांना’ असे रूप आपण सहसा वापरत नाही. मोजता येण्याजोग्या गोष्टीसाठी ‘कामगिरी’, ‘कार्य’ किंवा ‘संशोधन’ हे शब्द आहेत. शिवाय सत्कार आणि सन्मान माणसाचा होतो, कामाचा नव्हे. फेटा आणि शाल कोणाच्या तरी डोक्यावर आणि खांद्यांवरच चढवावी लागते. ‘गौरव’ मात्र व्यक्तीचाही होतो आणि कार्याचाही, म्हणून येथे तोच शब्द सोयीचा आहे. ‘गुरु’ म्हणजे जड, वजनदार; त्याचे भाववाचक नाम ‘गौरव’; तेव्हा शिक्षकाच्या मानपत्रात हा शब्द दुहेरी अर्थाने शोभतो. ‘सन्मानित करणे’ अशुद्ध नाही, पण त्यात वरून खाली देण्याचा सूर आहे. शासन एखाद्याला सन्मानित करते. विद्यार्थ्यांनी आपल्या सरांना सन्मानित करावे, हे निदान माझ्या कानाला उलटे वाटते.

‘आवृत्ती’ खटकणाऱ्या सदस्यांचे म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. हिंदीत हा शब्द ‘फ्रिक्वेन्सी’, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, या अर्थाने रूढ आहे, पण मराठी वाचकाला आवृत्ती म्हटली की पुस्तकाची किंवा वृत्तपत्राची आठवते, आणि ‘आवृत्ती नियंत्रण’ ऐकून सभागृहातील निम्म्या लोकांना सर प्रकाशन व्यवसायात होते असे वाटेल. ‘सामग्री’ आणि ‘प्रौद्योगिकी’ हेही त्याच वाटेने आलेले दिसतात. मराठीत ‘पदार्थ’ आणि ‘तंत्रज्ञान’ असे लिहावे. कोल्हापुरात ‘पदार्थ’ या शब्दाबरोबर मिसळ आठवण्याचा धोका आहेच, पण शेजारी विशेषण असले की तो टळतो.

आता ‘आवृत्ती’च्या जागी काय लिहावे? मराठीत दोन शब्द आहेत. शालेय पाठ्यपुस्तकांतील ‘वारंवारता’ सर्वांच्या ओळखीचा आहे; मराठी विश्वकोशाने ‘कंप्रता’ वापरला आहे. ‘वारंवारता’ कोणत्याही घटनेला लागू पडते. संख्याशास्त्रात एखादा गुण किती विद्यार्थ्यांना पडला हे सांगणारी वारंवारता सारणी असते आणि तेथे काहीही कंप पावत नसते. ‘कंप्रता’ हा शब्द कंपनापुरताच मर्यादित आहे. त्याची घडणही पाहण्याजोगी आहे : नम् धातूपासून ‘नम्र’, हिंस् पासून ‘हिंस्र’, त्याचप्रमाणे कंप् पासून ‘कंप्र’ हे रूप पाणिनीच्या एकाच सूत्राने साधते, आणि मग ‘नम्रता’ तशी ‘कंप्रता’. काटेकोर बोलायचे तर ‘कंप्र’ म्हणजे कंप पावण्याचा ज्याचा स्वभाव आहे तो. त्यामुळे ‘कंप्रता’ या शब्दात सेकंदाला किती वेळा ही मोजणी मुळात नाही, ती आपण परिभाषेने घातली आहे. ‘वारंवारता’ या शब्दात मोजणी आहे पण कंपन नाही. ‘कंप्रता’ या शब्दात कंपन आहे पण मोजणी नाही. विषय केवळ पाठ्यपुस्तकाचा असता तर मी ‘वारंवारता’ पसंत केली असती. येथे मात्र ज्यांचा गौरव होत आहे त्यांच्या कामाचा प्राण कंपन हाच असल्यामुळे माझे मत ‘कंप्रता’ या शब्दाकडे झुकते.

‘दाबविद्युत’ या शब्दाबाबत थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. झाक आणि प्येर क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये पॅरिस येथे असे दाखविले की क्वॉर्ट्झ, तुरमलीन अशा काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठांवर विद्युत भार प्रकट होतो. पुढच्याच वर्षी हांकेल या जर्मन शास्त्रज्ञाने या गुणधर्माला ‘पिएझोइलेक्ट्रिसिटी’ हे नाव सुचविले ते दाबणे, पिळणे या अर्थाच्या ग्रीक धातूवरून. त्याच १८८१ साली फ्रेंच शास्त्रज्ञ लिपमन यांनी गणिताने सांगितले की उलटही घडले पाहिजे, म्हणजे विद्युत दाबभेद (व्होल्टेज) लावल्यास स्फटिकाचा आकार किंचित बदलला पाहिजे. आणि क्युरी बंधूंनी तेही प्रयोगाने पडताळले. ‘दाबविद्युत’ हा समास, म्हणजे दाबाने उत्पन्न झालेली विद्युत, पहिल्या अर्ध्या भागाचे वर्णन नेमके करतो. उलट परिणाम त्यात बसत नाही. पण तो ग्रीक नावातही बसत नाही, तेव्हा हा दोष केवळ मराठीच्या माथी मारता येणार नाही.

मला खटकणारी गोष्ट वेगळी आहे आणि ती मराठीपुरतीच आहे. आपल्याकडे वीजपुरवठ्याच्या भाषेत ‘दाब’ म्हणजे व्होल्टेज. उच्चदाब वाहिनी, लघुदाब ग्राहक, ‘आमच्या गल्लीत कमी दाबाने वीज येते’ ही तक्रार, या सर्वांत दाबाचा हाताने दाबण्याशी काहीही संबंध नाही. त्यामुळे ‘दाबविद्युत’ आणि ‘विद्युतदाब’ हे शब्द सामान्य श्रोत्याला एकाच नाण्याच्या दोन बाजू वाटू शकतात, आणि मानपत्र वाचले जात असताना ऐकणाऱ्याला मागे वळून शब्द पुन्हा पाहण्याची सोय नसते. म्हणून शब्द बदलू नये, तर त्याच वाक्यात त्याचा अर्थ उलगडावा. घरातील गॅसच्या लायटरमध्ये सेल नसतो, तरी खटका दाबताच ठिणगी पडते, कारण आतील हातोडी दाबविद्युत पदार्थाच्या तुकड्यावर आदळते. हे निवेदकाने एकदा सांगितले की पुढचे सर्व सोपे होईल.

लेखनाविषयीही एक गोष्ट नमूद करतो. विश्वकोशात ‘विद्युत्’ असे पायमोडके रूप आढळते. परंतु आजच्या मान्य शुद्धलेखन नियमांनुसार मराठीत रूढ झालेले व्यंजनान्त तत्सम शब्द अकारान्त लिहावयाचे असल्याने ‘दाबविद्युत’ हेच लिहावे. ‘दाबविद्युतीय’ चूक नाही, पण ‘विद्युत अभियांत्रिकी’ प्रमाणे ‘दाबविद्युत पदार्थ’ एवढे पुरते.

‘नियंत्रण’ हा शब्द रूढ आहे, आणि तरीही तो थोडा दिशाभूल करतो. गर्दी, किंमती, वाहतूक यांच्यावर आपण नियंत्रण आणतो, म्हणजे त्यांना आवर घालतो. येथे आवर घालायचा नसून एक कंप्रता निर्माण करायची, इतरांतून ती निवडायची आणि तापमान बदलो वा वर्षे उलटोत, तिला ढळू द्यायचे नाही, असा अर्थ आहे. १९२१ च्या सुमारास अमेरिकेत वॉल्टर कॅडी यांनी क्वॉर्ट्झच्या स्फटिकाने विद्युत दोलकाची कंप्रता बांधून ठेवली. १९२७ मध्ये मॅरिसन यांनी त्याच तत्त्वावर क्वॉर्ट्झ घड्याळ बनविले. आज मनगटावरील सेलच्या घड्याळात नादकाट्याच्या (ट्यूनिंग फोर्कच्या) आकाराचा इवलासा क्वॉर्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा विचित्र दिसतो, पण तो दोनाचा पंधरावा घात आहे. पंधरा वेळा निम्मा केला की नेमका एक उरतो आणि सेकंदकाटा एक पाऊल पुढे सरकतो. दशलक्षात वीस भागांची चूक झाली तरी घड्याळ दिवसाला पावणेदोन सेकंदांच्या आसपासच चुकते. या सगळ्यात उलट परिणाम स्फटिकाला हलवितो आणि मूळ परिणाम त्या हालचालीची खबर परिपथाला देतो. मसुद्यातील ‘आणि’ मुळे दाबविद्युत पदार्थ व कंप्रता नियंत्रण हे जणू दोन निराळे विषय वाटतात. वस्तुतः दुसरा पहिल्यावर उभा आहे, आणि वाक्यातून ते दिसले पाहिजे.

मात्र सर्वच कंप्रता नियंत्रण दाबविद्युतावर उभे नाही. या विषयाच्या आंतरराष्ट्रीय परिसंवादातर्फे दिल्या जाणाऱ्या पुरस्कारांपैकी एक कॅडी यांच्या नावाचा आहे, तो दाबविद्युत साधनांशी जवळीक असलेल्या कामासाठी. दुसरा भौतिकशास्त्रज्ञ राबी यांच्या नावाचा आहे, तो अणूंवर आधारलेल्या कंप्रतेच्या मापदंडांशी संबंधित कामासाठी. जाणकारच गौरव करताना असा भेद पाळतात, तर आपल्या मानपत्रातही ‘क्वॉर्ट्झ’ हा शब्द आलाच पाहिजे, नाहीतर सरांनी नेमके काय केले ते कळणार नाही.

इंग्रजी शब्दच ठेवावेत असे म्हणणाऱ्यांना मी अर्धा होकार देतो. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ओतकामाची तपासणी श्राव्यातीत ध्वनीने (अल्ट्रासाउंडने) करणारा माणूस ‘प्रोब’च म्हणेल आणि दुरुस्तीच्या दुकानात ‘क्रिस्टल’च मागितला जाईल, त्यांना ‘दाबविद्युत’ शिकविण्याचे कारण नाही. ‘क्वॉर्ट्झ’ही तसाच ठेवावा. त्याला ‘स्फटिक’ म्हटले तर तो शब्द कोणत्याही स्फटिकाला लागू असल्याने घोटाळा होतो. ‘गारगोटी’ हा अस्सल शब्द भुदरगडच्या गावामुळे आपल्या जिल्ह्यात विशेष परिचयाचा, आणि तो दगडही क्वॉर्ट्झच्याच कुळातला. पण बहुतेक गारगोट्यांत असंख्य बारीक स्फटिक वाटेल त्या दिशांना वळलेले असतात, एकाचा परिणाम दुसरा खोडून काढतो, आणि दोलकाला लागणारी, ठराविक कोनात कापलेली एकसंध चकती त्यातून मिळत नाही. मानपत्र मात्र कारखान्याची मागणीचिठ्ठी नव्हे. त्यात गुणधर्माचे मराठी नाव असावे असे मला वाटते.

मी सुचवितो ते वाक्य असे : “दाब दिला असता विद्युत निर्माण करणाऱ्या, म्हणजेच दाबविद्युत, पदार्थांचा आपण केलेला अभ्यास, आणि त्यांपैकी क्वॉर्ट्झच्या कंपनांवर आधारलेल्या कंप्रता नियंत्रणाच्या तंत्रज्ञानातील आपले संशोधन, यांचा आम्ही सर्व विद्यार्थी कृतज्ञतापूर्वक गौरव करीत आहोत.” ‘अत्यानंद होत आहे’ गाळले आहे, तो सभेत दिसेलच.

मानपत्र हुपरीच्या कारागिराकडून चांदीच्या पत्र्यावर कोरून घेणार असाल, तर मजकूर हस्तलिखित न देता टंकलिखित द्यावा. ‘कंप्रता’ वरील अनुस्वार छिन्नीतून निसटला तर मागे ‘कप्रता’ उरते, आणि चांदीवरचे अक्षर खोडता येत नाही.